तीन बाहेर, दोन आत

मंगळवारी पहिल्या पाळीला मेहरबान तडवी येतात,
सावद्याहून, पहाटेच्या गाडीनं.
वजनकाट्यावर चढण्याआधी चपला काढतात,
खिशातली तंबाखूची डबी काढतात,
आणि केळ्यांची एक फणी माझ्या टेबलावर ठेवतात.
त्यांना मनाई आहे, म्हणून स्टाफला.

आज पोटॅशियम सहा पूर्णांक आठ.
"चाचा, खाल्लंत?"
"नाही ओ ताई. केय नाही खाल्लं."
त्यांच्या ओठांशी ळ अडतो, य होऊन बाहेर पडतो.
माझाही तसाच पडायचा.
कॉलेजात गेले तेव्हा मी तो दरवाजा दुरुस्त करून घेतला.

"मग काय खाल्लं?"
"भाजी. कच्च्या केयाची."
थोडं थांबून:
"ते काय केय झालं?"

मी सुया लावते. रक्त नळीतून निघतं.
चार तास असतात, छताला एकच पंखा.
जुन्या चार्टच्या पाठीवर मी रेघ ओढते:
ही पेशीची भिंत. तेलाची.
तेलात मीठ विरघळत नाही, फोडणीत पाहिलंच असेल.
म्हणून भिंतीत एक प्रथिन बसलेलं असतं.
आतल्या बाजूनं उघडतं, तीन सोडियम कुशीत घेतं,
एक नाणं मोडतं,
वळतं,
बाहेर तोंड करून तिघांना सोडतं.
रिकामं मात्र परतत नाही,
येताना दोन पोटॅशियम उचलून आणतं.
दोन्ही दारं एकदम उघडी, असं कधीच नाही.

सव्वीस वर्षं त्यांनी सावद्याच्या फलाटावर
दिल्लीच्या डब्यांत केळी भरली.
त्यांना रेघेशी घेणं नाही. विचारतात,
"उतारानं का चढानं?"

मला परीक्षेत हे कुणी विचारलं नव्हतं.
"चढानं. जिथं आधीच गर्दी, तिथंच अजून ढकलायचं."
"म्हंजे डब्यातला शेवटचा थर," ते म्हणतात,
आणि उजवा खांदा किंचित हलतो,
सुईच्या हाताचा. "हलू नका," मी ओरडते.

"रातले?"
"रात्रीपण."
"ईदले?"
"ईदलेबी," मी म्हणून जाते.
"मंग हमाली कोण देते?"
"तुमची भाकर. बसल्या जागी माणूस जेवढं जाळतो,
त्यातला चौथा हिस्सा यातच जातो."

बराच वेळ ते पंख्याकडे पाहतात.
"म्हंजे मी इथं पडेल हाये,
तरी ड्युटी चालू हाये."

पुढचं मी सांगत नाही.
की शेजारच्या या मशीनच्या पटलात कुणीच बसलेलं नाही,
केसासारखे पोकळ धागे, त्यांना नुसती भोकं,
जास्तीकडून कमीकडं, जे मावेल ते, उतारानं.
कोण तू, कुठला, कोणी विचारत नाही.
की मूत्रपिंडातही असेच ओळीनं बसलेले होते,
काय ठेवायचं, काय सोडायचं ते जाणणारे,
आणि पंधरा वर्षांच्या रक्तदाबानं
त्यांची जागाच खचली.
सांगितलं तर विचारतील, गेले कुठं ते सगळे?
मला ठाऊक नाही.

आठ वाजता पडद्यावर लाटेचं टोक तंबूसारखं उभं होतं.
साडेदहाला बसलं.

दोनला सुटते. नव्या स्टँडवर चव्वेचाळीस अंश,
फैजपूरची बस लागलेली नाही.
पिशवीतलं एक केळं सोलते.
एका बाजूनं दबलेलं, तिथं त्यांचा अंगठा असणार.
ओठांवर घामाचं मीठ, त्याच्यासकट खाते.
आत कुठंतरी कुणी वळत असेल,
अजून एकदा, अजून एकदा, मला न कळवता.

साल टाकायला डबा शोधते.
"केय," म्हणून पाहते, हळूच.
अजून येतं.